टाक्यांची भोकं

टोकोरोआहून पहाटे निघालो, पाइनचा वास गाडीत घेऊन.
मेतुआ गिरणीतली रात्रपाळी संपवून थेट चाकावर बसला,
तेआरिकी मागे, गुडघे हनुवटीशी,
तेरा वर्षांचा मुलगा आणि बूट माझ्या भावाचे.

शाळा चांगली होती, खोटं कशाला बोलू.
हिरवळ अशी की पाऊल टाकायचा संकोच वाटावा.
भिंतीवर सोनेरी नावं, कुठल्या साली कोण देशाकडून खेळलं.
कोचनं तेआरिकीच्या खांद्यावर हात ठेवला,
मग दंडावर, मग मांडीकडे नुसतं पाहिलं.
आमच्या गावात कोंबडी घेतानाही माणसं इतकी चाचपत नाहीत.
मेतुआ हसला. अठरा वर्षांचा असताना
त्याच्याकडे असं कुणी पाहिलंच नव्हतं.

फी माफ, राहणं माफ, दूध हवं तितकं.
गणित कोण शिकवतं, मी विचारलं.
"आहेत, उत्तम आहेत," कोच म्हणाला,
आणि आम्हाला व्यायामशाळा दाखवायला घेऊन गेला.

मी इस्पितळाच्या लॉन्ड्रीत बावीस वर्षं काढली.
कुठल्याही घराची चौकशी मी धुण्यापासून सुरू करते.
म्हणून विचारलं, जर्सी कुठे धुता?
तळघरात होती खोली. उबदार, स्वच्छ,
यंत्रं आमच्यापेक्षा नवी.
दांडीवर पंधरा जर्सी, काखेपाशी विरलेल्या,
रक्ताचा डाग थंड पाण्यात आधी भिजवला नव्हता,
एवढं एकच नाव ठेवण्यासारखं.

आठ नंबर हातात घेतला.
कॉलरच्या आत नव्या पट्टीवर कुणाचं तरी नाव,
आणि पट्टीच्या भोवती टाक्यांची जुनी भोकं.
तिथं आधी दुसरं नाव होतं.
धागा उसवला तरी कापड विसरत नाही,
हे मला कुणी शिकवायला नको.
बोटानं वाचलं. पहिलं अक्षर एम.
शेवटचं ए. मधली पाच नखाला लागली नाहीत.

"हा कोण?"
कोच जरा थांबला. "एम... खांदा असेल.
नाही, मान. गेल्या हिवाळ्यात.
घरी गेला बहुतेक."
चांगला माणूस होता, वाईट वाटलं त्याला.
नाव मात्र आठवलं नाही.

परतीच्या वाटेवर तेआरिकी बोलत सुटला.
कपाट पाहिलंस आई, माझ्यापेक्षा उंच!
मेतुआ आरशात त्याच्याकडे बघत गाडी चालवत होता,
रस्ता मला बघावा लागला.
मी एम सांगितला नाही.
काय सांगायचं होतं? मुलाला आशा लागली की
आईच्या जिभेला आधी कुलूप लागतं.

गावातल्या शाळेचा संघ दरवर्षी हरतो.
मैदानाच्या एका कोपऱ्यात पाणी साचतं, बदकं येतात.
पण गणिताच्या बाई पोरं दिसली की
दुकानातल्या रांगेतही पाढे विचारतात,
आणि गेल्या वर्षी हात मोडलेल्या पोराचं नाव
त्यांना आडनावासकट पाठ आहे.

अर्ज फ्रिजवर चिकटवलाय. शुक्रवारपर्यंत द्यायचा.
मेतुआनं सही केली, मी नाही.
शेवटी एक रिकामी चौकट आहे: पालकांची सूचना.
काल तिथं पेन्सिलनं लिहिलं,
नाव शिवायचं असेल तर मी येऊन शिवेन.
मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं.
कागद तिथं मऊ पडलाय.

आत्ता अंगणात मी चादरी वाळत घालतेय
आणि तो दोरीच्या दोन खांबांमधून चेंडू मारतोय.
दोरीवरून गेला तर गुण त्याचे,
खालून आला तर चिखल माझा.
"आई, बाजूला हो!"
होते. एवढीच, हातभर.